फांदीवरचे निवडुंग आणि वाळूची कुंडी

लोंबत्या फांद्यांच्या निवडुंगांविषयी मराठी घरांत, रोपवाटिकांत आणि बागकामाच्या सल्ल्यांत एक समजूत पक्की बसलेली आहे. निवडुंग म्हणजे वाळवंटातले झाड, त्याला वाळू घालावी, गच्चीवर कडक उन्हात ठेवावे, पाणी जवळजवळ देऊच नये, आणि एवढे करून ते वाळले तर ‘आपल्या हवेत ही परदेशी झाडे टिकत नाहीत’ असे म्हणून कुंडी रिकामी करावी, असा त्या समजुतीचा आशय आहे. तिच्या जोडीला आणखी दोन समजुती येतात. जे झाड दुसऱ्या झाडावर वाढते ते बांडगूळच असणार ही एक, आणि काटेरी कुळातले झाड घरात ठेवणे अशुभ ही दुसरी. ऱ्हिप्सालिस, एपिफायलम, श्लुम्बर्गेरा या प्रजातींतील झाडे या तिन्ही समजुतींना बळी पडत आली आहेत. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि पहिली तर घातक आहे, कारण ती जितकी निष्ठेने पाळावी तितके झाड लवकर मरते.

गोंधळाला सुरुवात शब्दापासूनच होते. ‘निवडुंग’ हे मराठीत कोणत्याही एका कुळाचे नाव नाही. गावकुसाच्या कुंपणात आणि माळावर दिसणारा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला आहे. त्याचे खोड चिरले की पांढरा चीक वाहतो, आणि अमेरिकेतल्या कॅक्टस कुळाशी त्याचे कसलेही जवळचे नाते नाही. फड्या निवडुंग मात्र खरोखरच कॅक्टस आहे, पण तो अमेरिका खंडातून येथे आणलेला आहे. त्याच्यावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यांपासून किरमिजी रंग मिळवण्याच्या आशेने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, ब्राझीलहून किडे भारतात आणले गेले. ते हव्या त्या जातीचे निघाले नाहीत, रंग हलका निघाला, आणि किड्यांनी फड्या निवडुंगाची एक जातच मोठ्या प्रदेशातून खाऊन संपवली. पुढे दुसऱ्या जातींचा फड्या निवडुंग दक्षिण भारतात जमिनी व्यापू लागला, तेव्हा १९२६ पासून त्याच्यावरही अशाच किड्यांचा उपाय करावा लागला. निवडुंग म्हणजे माळरान, काटे आणि उपद्रव, हे समीकरण अशा अनुभवांतून घडले आहे आणि माळावरच्या झाडापुरते ते खरेही आहे. परंतु एका झाडाचा अनुभव त्याच्या साऱ्या कुळावर लादायचा असेल, तर मग बटाटा आणि धोत्रा एकाच कुळातले आहेत म्हणून बटाट्याची भाजीही टाकून द्यावी लागेल.

कॅक्टस कुळात दीड हजारांवर जाती आहेत आणि त्यांपैकी जवळपास एक दशांश जाती जमिनीवर वाढतच नाहीत. त्या झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांच्या बेचक्यांत, साठलेल्या पालापाचोळ्यात, शेवाळात किंवा खडकांच्या कपारींत मुळे रोवून राहतात. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात; त्या दुसऱ्या झाडाचा आधार घेतात, अन्न घेत नाहीत. कॅक्टस कुळात ही राहणी किमान दोनदा, दोन वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. एक शाखा मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतली असून एपिफायलम, डिसोकॅक्टस आणि सेलेनिसेरियस या प्रजाती तिच्यात येतात. दुसरीचे मुख्य घर ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतचे पाऊसवन आहे आणि ऱ्हिप्सालिस, लेपिस्मियम, हातिओरा, श्लुम्बर्गेरा या प्रजाती तिच्यातल्या आहेत. दिवाणखान्यात ‘ख्रिसमस कॅक्टस’ म्हणून येणाऱ्या झाडाचे पूर्वज रिओ दि जानेरोजवळच्या सेर्रा दोस ऑर्गाओस या डोंगररांगेतले आहेत. ऑर्गनच्या नळ्यांसारखे उभे सुळके असल्यामुळे हे नाव पडलेल्या त्या डोंगरांवर समुद्राकडून येणारे ढग अडतात, धुके उतरते आणि झाडांच्या साली वर्षातला मोठा काळ ओलसर राहतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात हिंडलेल्या माणसाला ही हवा ओळखीची वाटेल. अशा ठिकाणच्या झाडाला वाळवंटातले म्हणायचे कशाच्या आधारावर?

त्याहून ठळक पुरावा ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा या जातीचा आहे. तिच्या बारीक, गोल, दोऱ्यांसारख्या फांद्यांचे झुबके झाडांवरून खाली लोंबतात आणि त्यांना पांढरी, मोत्यांसारखी फळे धरतात. अमेरिका खंडाबाहेर निसर्गतः आढळणारी कॅक्टस कुळातली ही एकमेव जाती आहे: ती आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेतही वाढते. चिकट गराच्या फळांवाटे पक्ष्यांनी तिचा प्रसार केला असावा, हे तिच्या प्रवासाविषयी मांडले जाणारे एक स्पष्टीकरण आहे. ज्या एका कॅक्टसला महासागरापलीकडे आपोआप घर सापडले, त्याला ते पावसाच्या जंगलांत सापडले, सहारात नव्हे.

या पुराव्यावर विरुद्ध बाजूचा सर्वांत दमदार आक्षेप असा येतो की, झाड जंगलातले असेल, पण त्याची खोडे गुबगुबीत आहेत, त्याला पाने नाहीत, ते पाणी साठवते, म्हणजे त्याला दुष्काळाचीच सवय आहे आणि पाणी तोडणेच योग्य. हा आक्षेप अर्धवट निरीक्षणावर उभा आहे. फांदीवर राहणाऱ्या झाडाला माती नसते. पावसाची सर आली की पाणी सालीवरून वाहून जाते, मुळांभोवती मूठभर कुजलेला पाला तेवढा ओला राहतो आणि ऊन पडून वारा सुटला की तोही काही तासांत किंवा फार तर दिवस-दोन दिवसांत कोरडा होतो. म्हणजे या झाडाच्या वाट्याला दुष्काळ येतो, पण तो छोटा आणि वारंवार येणारा असतो, आणि दोन दुष्काळांच्या मध्ये पुन्हा सर येते, धुके येते, हवा दमट राहते. वाळवंटातला कॅक्टस महिनोन्‌महिने पुरेल एवढी बेगमी करण्यासाठी जाड झालेला आहे. फांदीवरचा निवडुंग पुढच्या सरीपर्यंत तग धरता यावा एवढाच जाड आहे. त्याची चपटी, पातळ खोडे पाहिली तरी हा फरक उघड दिसतो. अशा झाडाचे पाणी महिनाभर तोडणे म्हणजे त्याच्या जवळची साठवण संपल्यावरही त्याला उपाशी ठेवणे होय. पेरे सुरकुततात, लोळागोळा होतात, बारीक मुळे मरतात, आणि नंतर घाबरून ओतलेले पाणी मेलेल्या मुळांना पिता येत नाही म्हणून खोड कुजते. कुजलेले खोड पाहून ‘पाणी जास्त झाले’ असे निदान होते आणि पुढच्या झाडाचे पाणी आणखी तोडले जाते. चुकीचा सल्ला स्वतःलाच खरे ठरवत राहतो तो असा.

या झाडांची खोडे पानांचे काम करतात, हेही येथे समजून घेतले पाहिजे. ज्याला सर्रास ‘पान’ म्हटले जाते आणि जे मातीत खोचून नवे रोप केले जाते, ते एपिफायलमचे चपटे झालेले खोड असते. त्याच्या कडांवरच्या खाचांतून फुले आणि नवी खोडे निघतात, आणि पानातून सहसा असे काही निघत नाही. ही चूक जुनी आहे. १८१२ मध्ये एड्रियन हॉवर्थ यांनी या प्रजातीला दिलेल्या ग्रीक नावाचाच अर्थ ‘पानावर’ असा होतो, कारण फूल पानावर उमलल्यासारखे दिसते. बहुतेक कॅक्टसांप्रमाणे ही झाडेही आपली रंध्रे रात्री उघडतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच्यापासून अन्न तयार करतात, त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते. याच गोष्टीचा विपर्यास करून ‘रात्री प्राणवायू देणारे झाड’ म्हणून ती शयनगृहासाठी विकली जातात. प्राणवायू प्रकाशाशिवाय तयार होत नाही, मग झाड कोणतेही असो; रात्री आत जातो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तोही एका कुंडीकडून इतका अल्प की खोलीच्या हवेत त्याने काही फरक पडत नाही. झाड विकण्यासाठी खोट्या गुणाची गरज का पडावी?

उन्हाविषयीच्या आग्रहाचे समर्थन करताना ड्रॅगन फ्रूटचा दाखला हमखास पुढे केला जातो. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात सिमेंटच्या खांबांवर चढवलेले हे झाड उघड्या रानात वाढते आणि ते तर ब्रह्मकमळाचे, म्हणजे एपिफायलमचेच भाऊबंद, मग लोंबत्या निवडुंगांना ऊन का चालू नये, असा प्रश्न विचारला जातो. नाते खरे आहे, पण दाखला उलटा पडतो. ड्रॅगन फ्रूटची वेल जमिनीत मुळे रोवून झाडावर चढणारी आहे, तिला मातीचा साठा मिळतो, आणि शेतात तिला ठिबकने पाणीही मिळते. एवढे असूनही एप्रिल-मेच्या उन्हात तिच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात आणि शेतकऱ्यांना त्यांच्यावर सावलीची जाळी धरावी लागते. जमिनीत रुजलेल्या, ठिबकावर वाढलेल्या नातेवाइकाची ही गत असेल, तर चार बोटे खोल टोपलीतल्या, फांदीवर राहणाऱ्या झाडाचे गच्चीवर काय होणार? त्याची खोडे आधी तांबूस होतात, मग फिकट पिवळी, आणि शेवटी त्यांच्यावर भाजल्याचे तपकिरी, कोरडे डाग पडतात जे पुन्हा कधी भरून येत नाहीत. त्याला पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन, किंवा जाळीतून, झाडातून गाळून आलेला भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यातही ते फुलत नाही, हे खरे. परंतु अंधार आणि मे महिन्याची गच्ची यांच्या मध्ये बरीच जागा आहे. मेक्सिकोतला, उंदराच्या शेपट्यांसारख्या लांब काटेरी फांद्यांचा डिसोकॅक्टस फ्लॅजेलिफॉर्मिस इतरांपेक्षा अधिक ऊन सोसतो, एवढी एक सवलत या आग्रहाला देता येईल.

वाळूचा सल्ला तर कुंडीत नेमके काय घडते याचा विचार न करताच दिला जातो. बांधकामाची बारीक वाळू लाल मातीत मिसळली की काही महिन्यांत ती घट्ट बसते आणि मुळांची हवा बंद होते. फांदीवरच्या मुळांना सर्वांत जास्त सवय असते ती हवेची, कारण तेथे ती पाल्याच्या सैल थरातून आणि सालीच्या भेगांतून फिरत असतात. या झाडांसाठी वाळूहून चांगली सामग्री कोकणात परसातच पडलेली असते: नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यांत कोळशाचे आणि विटकरीचे खडे, आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत. असे मिश्रण पाणी ओढून घेते, जास्तीचे लगेच सोडते आणि मधल्या पोकळ्यांत हवा राहू देते. त्याचा वरचा थर सुकू लागला की पाणी द्यावे, आणि द्यायचे तेव्हा खालून निथळेपर्यंत द्यावे, मग ते उन्हाळ्यात चार दिवसांनी असो की थंडीत दहा दिवसांनी. वारांचे वेळापत्रक झाडाला कळत नाही. दख्खनच्या पठारावर जेथे बोअरचे जड पाणी घरोघर येते, तेथे खोडांवर आणि कुंडीच्या कडांवर क्षारांचा पांढरा थर साचतो. पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या झाडासाठी पागोळीखाली एक बादली ठेवून साठवलेले पाणी त्याहून कितीतरी बरे. मुंबई-कोकणच्या मुसळधार पावसाची भीतीही अनाठायी आहे. मिश्रण मोकळे असेल तर आठवडाभराचा पाऊस या झाडांना रुचतो, आणि चिखलमातीत लावलेले झाड दोन दिवसांच्या पावसानेही कुजते.

बांडगुळाचा आरोपही जुना आहे आणि तो एके काळी शास्त्रज्ञांनीही केला होता. अठराव्या शतकात ऱ्हिप्सालिसच्या पहिल्या ज्ञात जातीला कॅसिथा या परोपजीवी वेलींच्या प्रजातीत घातले गेले होते. कोकणच्या किनाऱ्यावर झुडपांवर पिवळट-हिरव्या तारांचे जाळे पसरणारी पर्णहीन वेल याच प्रजातीतली आहे. १७८८ मध्ये योझेफ गेर्टनर यांनी ऱ्हिप्सालिस ही स्वतंत्र प्रजाती मांडली, तरी जातीच्या नावात त्या गैरसमजाची खूण त्यांनीही ठेवलीच. बांडगूळ आपली शोषक मुळे आंब्याच्या फांदीच्या आत, थेट जलवाहिन्यांपर्यंत घालते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढते. ऱ्हिप्सालिसची मुळे सालीच्या वरच राहतात. तिच्या वाट्याला येते ते सालीवरून ओघळणारे पाणी आणि कुजलेल्या पाल्यातले क्षार. हा भेद मराठी माणसाला नवा नाही. आंब्या-फणसाच्या खोडावर वैशाखात फुलांचे तुरे सोडणाऱ्या आमरीला, म्हणजे ऑर्किडला, कोकणात कुणी बांडगूळ म्हणून कोयत्याने तोडत नाही. जी समज आमरीला मिळते ती त्याच फांदीवर, त्याच पद्धतीने जगू शकणाऱ्या निवडुंगाला नाकारण्याचे कारण त्याच्या नावाखेरीज दुसरे कोणते आहे?

नावाचा हा परिणाम ब्रह्मकमळात सर्वांत स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात वाड्यांच्या चौकांत, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि सोसायट्यांच्या जिन्यांत वाढणारे, पावसाळ्यातल्या रात्री उमलणारे, ज्याच्यापुढे निरांजन लावून शेजाऱ्यांना बोलावले जाते ते झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा फांदीवरचा निवडुंग. हिमालयातले ब्रह्मकमळ, ज्याला उत्तराखंडाच्या राज्यपुष्पाचा मान आहे, ते सूर्यफुलाच्या कुळातले, अतिउंचावरच्या थंडीत दगडांत वाढणारे सर्वस्वी वेगळे झाड आहे. घरातल्या झाडावरची श्रद्धा येथे वादाचा विषय नाही. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पाकळ्या हळूहळू सुटत जाणे, साऱ्या मजल्यावर सुगंध भरणे आणि पहाटेपर्यंत फूल मान टाकणे, हे पाहून हात जोडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. वादाचा विषय हा आहे की, ज्या घरात या निवडुंगाची पूजा होते त्याच घरात ऱ्हिप्सालिसची टोपली ‘काटेरी झाड घरात नको’ म्हणून नाकारली जाते, वास्तविक तिच्या वाढलेल्या फांद्यांवर टोचेल असा काटाही नसतो. शुभ काय आणि अशुभ काय हे झाडाच्या गुणांवरून ठरले असते, तर दोघांना एकच न्याय मिळाला असता. ब्रह्मकमळ बारा वर्षांनी एकदाच फुलते, ही आवडती दंतकथाही झाडाच्या हिताची नाही, कारण तिच्यामुळे वर्षानुवर्षे न फुलणाऱ्या झाडाकडे कुणी लक्षच देत नाही. उजेड, खत आणि पाणी वेळेवर मिळालेले मोठे झाड एकाच पावसाळ्यात दोन-तीन बहर देते, आणि एका बहरात कधी कधी डझनावारी फुले.

राहता राहिला ‘आपल्या हवेत टिकत नाही’ हा निकाल, आणि तो प्रामुख्याने श्लुम्बर्गेरावर दिला जातो. डिसेंबरात कळ्यांनी भरलेले रोप घरी येते, आठवड्याभरात कळ्या गळतात, पुढच्या वर्षी फूल येत नाही, आणि दोष हवेच्या माथी मारला जातो. या झाडाला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड अंधाराच्या रात्री आणि साधारण १५ ते २० अंशांचा गारवा हवा असतो. ब्राझीलमध्ये ते मे महिन्यात फुलते, कारण दक्षिण गोलार्धात थंडी तेव्हा येत असते, आणि तेथे त्याचे नावच ‘मेचे फूल’ असे आहे. नाताळचा संबंध युरोप-अमेरिकेच्या पंचांगाने जोडला. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सप्टेंबर अखेरीपासून रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागते आणि पुणे-नाशिकची थंडी तर या झाडाला हवी तेवढी व त्याहून अधिक उतरते. मुंबईत गारवा कमी पडतो, म्हणून तेथे बहर उशिरा किंवा बेताचा येतो. पण पुणे, नाशिक, कोल्हापूर, महाबळेश्वर येथे हवेला दोष देण्यास काहीही जागा नाही. तेथे बहर अडवते ती दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत जळणारी ट्यूबलाइट, जी झाडाला रात्र संपल्याचे खोटेच सांगते. ऑक्टोबरच्या आरंभापासून सहा-सात आठवडे रोप सायंकाळनंतर दिवा न लागणाऱ्या खोलीत किंवा गॅलरीत ठेवावे आणि कळ्या दिसल्यावर त्याची जागा बदलू नये, एवढेच करायचे असते. जे रोप एका जागेवरून दुसरीकडे, गारव्यातून उबेत, दमट हवेतून कोरड्या खोलीत अचानक आणले जाते, ते कळ्या टाकून देते. हा त्याचा नाजूकपणा म्हणता येईल, महाराष्ट्राच्या हवेतला अवगुण नव्हे.

या झाडांच्या मूळ जंगलांची अवस्था लक्षात घेतली, तर कुंडीत त्यांना हेळसांडीने मारण्याचे दुःख अधिक वाटते. ब्राझीलचे अटलांटिक वन मूळ विस्ताराच्या लहानशा अंशाएवढेच, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी, उरले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात कॅक्टस कुळातल्या १,४७८ जाती तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी ३१ टक्के धोक्यात असल्याचे आढळले. अशा कुळातली झाडे घरी आणायची, ती कुठून आली हे विचारायचे नाही, आणि ‘कॅक्टसला काही लागत नाही’ म्हणत ती वाळवायची, ही बेपर्वाई आहे, आणि तिला कमी कष्टाची बाग म्हटल्याने ती क्षम्य होत नाही.

रोपवाटिकांत या झाडांच्या टोपलीवर आज ‘कॅक्टस’ एवढाच शब्द चिकटवलेला असतो आणि साऱ्या चुका त्या शब्दापासून सुरू होतात. त्या जागी दुसरीच ओळ हवी: ‘फांदीवर राहणारे झाड, पाऊसवनातले, गाळून आलेला उजेड, सोडणाचे मोकळे मिश्रण, वरचा थर सुकू लागला की भरपूर पाणी.’ ही ओळ लिहिण्याचा खर्च शून्य आहे आणि ती लिहिणे रोपवाटिकेचे कर्तव्य आहे. आणि जेथे ती लिहिलेली नसेल, तेथे पैसे देण्यापूर्वी ग्राहकाने विचारले पाहिजे की हे झाड कोणत्या जंगलातले आहे, आणि तेथे ते जमिनीवर वाढते की फांदीवर.